दिवेलागणीनंतरचं विरजण

या अंकाच्या संपादकबाई घरी आल्या तेव्हा मी त्यांच्यापुढं वाटीभर दही ठेवलं. चमचा उभा राहील असं दही. त्यांनी दोन घास खाल्ले आणि विचारलं, "आजी, तुमचा व्यवसाय काय लिहू? दुग्धव्यवसाय?" मी म्हटलं, "नको बाई. म्हशी दुसऱ्यांच्या, दूध दुसऱ्यांचं. मी आपली संध्याकाळी गाडगं झाकायची आणि सकाळी उघडायची. मधलं काम करणारे वेगळेच." त्या हसल्या आणि म्हणाल्या, मग तुम्हीच लिहा. म्हणून लिहायला बसले. वय ऐंशीच्या पुढं गेलं, हात कापतो, अक्षर कोंबडीच्या पायांसारखं येतं. पण विरजण कालवायला हा हात अजून चालतो, तेव्हा लेखणीलाही चालेल.

मधलं काम करणारे कोण ते मला फार उशिरा कळलं. माझ्या धाकट्या दिराचा नातू शेतकी कॉलेजात शिकायला होता. त्यानं एकदा मला प्रयोगशाळेत नेलं, आमच्या दह्याचा थेंब काचेवर पसरला, निळा रंग लावला आणि म्हणाला, "आजी, डोळा लाव." आधी काहीच दिसेना. मग दिसलं. कुठं मण्यांच्या माळा तुटून पडाव्यात तशा, कुठं बारीक काड्या. तो म्हणाला, हे जिवाणू. हे दुधातली साखर खातात आणि आंबट तयार करतात. त्या आंबटानं दूध घट्ट होतं, आणि दूध नासवणाऱ्या बाकीच्या किड्यांना थारा मिळत नाही. म्हणजे दही हे नासलेलं दूध नव्हे, राखण बसवलेलं दूध. मी बराच वेळ नळीतून बघत राहिले. आयुष्यभर ज्यांच्या जिवावर खाल्लं, त्यांची तोंडं पहिल्यांदा बघत होते. मनातल्या मनात नमस्कार केला. पोराला सांगितलं नाही, हसला असता.

आता त्याच मण्यांना आणि काड्यांना पाकिटावर 'प्रोबायोटिक' म्हणतात. पोटाला चांगले, अशी टीव्हीवर बाई सांगते. त्यांच्या जातीही पुष्कळ, आणि सगळ्यांनाच तो मान मिळत नाही, असं नातू म्हणाला. मला जातींत पडायचं नाही. आमच्या काळी उमरग्याचे एक हकीम पोट बिघडलेल्या माणसाला पुडी द्यायच्या आधी सांगायचे, "जळकोटच्या खानावळीचं ताक पी. जिरं भाजून घाल. गुण न्हाय आला तर मग माझ्याकडं ये." हकीमसाहेबांचं नुकसान आम्ही किती केलं असेल, देव जाणे.

तर, जळकोट. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरचं गाव, आणि रस्त्याला लागून आमची खानावळ. माझं माहेर सोलापूरच्या बाजूला, म्हणजे इंग्रजी मुलखात. लग्न होऊन मी निजामाच्या मुलखात आले. माहेरी मराठी चौथी शिकलेली, इथं सासरी पाटीवर उर्दू, चुलीपाशी कानडी आणि गिऱ्हाइकाशी मराठी. आम्ही लिंगायत. खानावळीचं पुढचं सगळं मालक बघायचे, म्हणजे माझे यजमान. आतलं सगळं सासूबाई, त्यांना मी आत्याबाई म्हणायची. भाकरी, शेंगाची चटणी, डाळ, झुणका हे सगळ्याच खानावळींत मिळायचं. मोटारी आमच्याच दारात थांबायच्या त्या दह्यासाठी.

दही लावणं यात सांगण्यासारखं काय आहे, असं वाचणारीला वाटेल. सांगते. दूध उकळायचं ते सायीचा थर धरेपर्यंत. मग निवू द्यायचं. किती? आत्याबाई करंगळी बुडवायच्या. "चटका बसला न्हाय पायजे आन् गार लागलं न्हाय पायजे. लेकराला न्हाऊ घालशील का त्या पाण्यानं? मग घाल विरजण." थंडीत विरजण जास्त, उन्हाळ्यात नावाला. विरजण तळाशी फासायचं नाही, दुधात मोडून कालवायचं. एकदा झाकलं की हलवायचं नाही, उघडून बघायचं नाही. नवी सून म्हणून मी पहिल्या आठवड्यात तीनदा झाकण काढून बघितलं. आत्याबाई म्हणाल्या, "निजलेल्या माणसाला निजलास का म्हणून इचारतीस व्हय?"

गाडगं मातीचंच. ते पाणी पितं, दही घट्ट होतं. पितळेला कल्हई नसली तर दही कळकतं, हिरवट होतं, खाणारा दोन दिवस परसाकडच्या वाटेवर राहतो. उन्हाळ्यात गाडगी ओल्या वाळूत. थंडीत मात्र आमची खास सोय होती. आमच्या मागच्या गल्लीत रसूलमामू पिंजारी राहायचे. कापूस पिंजून गाद्या भरायचे. त्यांनी आमच्या गाडग्यांच्या मापाच्या कापसाच्या टोप्या शिवून दिल्या होत्या. गाडग्याला टोपी घातली की पौषातही दही लागायचं. गिऱ्हाइकं विचारायची, तुमच्याकडं गाडग्यांचं बारसं आहे का.

आणि विरजण. आत्याबाई त्याला कानडीत 'हेप्पु' म्हणायच्या. आमच्या घरचं हेप्पु त्यांच्या सासूकडून आलेलं. रोजच्या दह्यातलं वाटीभर उद्यासाठी काढून ठेवायचं, ते उद्या परवासाठी, अशी ती कधी न तुटलेली साखळी. गोड, घट्ट, दुपारपर्यंत आंबट न होणारं. दुसऱ्या घरचं विरजण आणा, तेच दूध, तेच गाडगं, तोच हात, दही वेगळं लागतं. नातू म्हणतो, प्रत्येक घरच्या मण्यांची आणि काड्यांची बिरादरी निराळी. ते खरं असणार.

विरजणाचे आत्याबाईंचे नियम होते, आणि ते देवपूजेपेक्षा कडक होते. मागायला आलेल्याला नाही म्हणायचं नाही, मग तो कुणी असो. विरजणाचे पैसे घ्यायचे नाहीत. दिवेलागणीनंतर द्यायचं नाही, लक्ष्मी घराबाहेर जाते. आणि शेवटचा, दिलेलं विरजण परत मागायचं नाही. "हेप्पु म्हंजी लेक. दिली की त्या घरची झाली. तिच्यावर आपला हक्क न्हाय."

पैसे न घेण्याच्या नियमावरून एक गंमत सांगते. मी पहिल्यांदा माहेरी निघाले तेव्हा आईसाठी बोळक्यात विरजण घेतलं होतं. हद्दीवर करोडगिरीचा नाका, येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर जकात. तिथले कारकून टोपी सावरून म्हणाले, "क्या है इसमें?" म्हटलं, विरजण. "कीमत?" म्हटलं, विरजणाला किंमत नसते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, बोळक्याकडं पाहिलं. किमतीशिवाय त्यांना कागदावर काही लिहिता येईना आणि लिहिल्याशिवाय सोडता येईना. मागं गाड्यांची रांग लागली. शेवटी म्हणाले, "अम्माँ की दवा है, जाओ." पुढं तेच कारकून मोटारीतून उतरून आमच्याकडं जेवायला यायचे आणि आत डोकावून ओरडायचे, "बेटी, बेकीमत चीज लाव!" दह्याचे पैसे मात्र मोजून द्यायचे, माणूस सरळ होता.

गिऱ्हाइकं एकेक वल्ली. बसप्पा नावाचा मोटारीचा ड्रायव्हर होता. जेवणानंतर डब्यात दही भरून घ्यायचा, साखर घालायचा आणि डबा आपल्या बैठकीखाली ठेवायचा. म्हणायचा, "नळदुर्गापतूर दही, बोरामणीपतूर लस्सी. सरकारनं रस्ता माझ्यासाठीच आसा ठेवलाय." दुसरे एक मास्तर होते, त्यांना आंबटच दही लागायचं. त्यांच्यासाठी आदल्या दिवशीचं ठेवावं लागे. मी एकदा चुकून ताजं वाढलं तर ताटावरून उठायला निघाले. आत्याबाईंनी आतून लिंबू पाठवलं. मास्तर सहा महिने रुसले होते.

आणि येळवस. बाहेरच्या वाचकाला वेळ अमावस्या म्हणून सांगावी लागेल. मार्गशीर्षातली अमावस्या. आमच्या भागात त्या दिवशी गावात माणूस राहत नाही, सगळे शेतात. कडब्याची खोप करायची, पांडवांची पूजा, मिसळीच्या भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, आणि आंबील. आंबील म्हणजे ज्वारीचं पीठ ताकात भिजवून आंबवलेलं पेय, बिंदग्यात भरून डोक्यावरून शेतात न्यायचं. ताक चांगलं तर आंबील चांगली. ताकाला उग्र वास असला तर बिंदग्याजवळ कुणी उभं राहत नाही. येळवशीचं ताक अर्ध्या गावाला आमच्या घरून जायचं, फुकट. आदल्या आठवड्यापासून आम्ही दोघी घुसळून घुसळून थकायचो. वर्षभर गाव आमच्या दारावरून जायचं, त्या आठवड्यात दारात यायचं. आत्याबाईंना हा मान फार प्रिय होता. बोलायच्या नाहीत, पण त्या दिवसांत त्यांचं कपाळावरचं भस्म जरा रुंद असायचं.

मग गडबडीची वर्षं आली. त्यांची हकीकत शहाण्यांनी लिहिली आहे, मी काय लिहू? आमच्या वाट्याचं तेवढं सांगते. त्या उन्हाळ्यात रस्त्यावरच्या मोटारी कमी झाल्या, मग गावातली माणसं कमी होऊ लागली. जो तो इंग्रजी हद्दीकडं, म्हणजे आता स्वतंत्र झालेल्या हिंदुस्थानात, जाऊ लागला. एक दिवस मालकांनी सांगितलं, आजच निघायचं, हाताला येईल तेवढंच घ्यायचं. शेतातून चालत जायचं होतं, गाडगं नेता येणार नव्हतं. आत्याबाईंनी धुवट कापडाचा तुकडा घेतला, दह्यात बुडवला, सावलीत पसरला आणि वाळला तसा घडी करून कनवटीला लावला. असं वाळवलेलं विरजण बरेच दिवस टिकतं. कोमट दुधात कापड बुडवलं की झालं. दागिने मी घेतले होते. त्यांनी विचारलंही नाही कुठं ठेवलेस.

माझ्या माहेरी पोचलो. माझी आई स्वच्छतेची भारी भोक्ती. दुसऱ्या दिवशी आत्याबाई कनवटीचं बोचक्यात ठेवून आंघोळीला गेल्या आणि त्यांच्या बोचक्यात आईला एक कडक झालेलं, आंबट वासाचं फडकं सापडलं. आईनं ते सोड्याच्या पाण्यात उकळलं, चांगलं आपटून धुतलं आणि दोरीवर वाळत घातलं. वर मला म्हणाली, "तुझ्या सासूबाईंच्या मागं काय धावपळ झाली असेल बाई, केवढा वास मारत होतं."

मी दोरीकडं पाहिलं आणि कापड ओळखलं. आत्याबाई आंघोळ करून आल्या, दोरीवरचं पांढरंशुभ्र कापड त्यांनी पाहिलं, हातात घेतलं, हुंगलं. माझी आई कौतुकाच्या अपेक्षेनं उभी. विहिणीच्या घरी आसऱ्याला राहणाऱ्या बाईला रागवायची सोय नसते. आत्याबाई म्हणाल्या, "छान निघालं." आणि पूजेला बसल्या. त्या दिवशी पूजा फार वेळ चालली. पुढं तिथं होतो तोवर त्यांनी दह्याला हात लावला नाही. आई गेली तेव्हाही तिला हे माहीत नव्हतं, आणि मला ते बरंच वाटतं.

पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, आम्ही परत आलो. खानावळीचं दार कुणी फोडलं ते मला ठाऊक नाही. भांडी गेली होती, गाडगी फुटली होती, कापसाच्या टोप्या अंगणात भिजून पडल्या होत्या. मालकांनी आठवड्यात चूल पेटवली. माणसं जेवायला येऊ लागली. पण दही? उमरग्याहून विरजण आणलं, दह्याला तार सुटली. ईटकडच्या एका पाहुण्यानं आणलं, ते सकाळी गोड आणि उन्हं चढली की चिंचेसारखं. मिरचीची देठं दुधात घालून बघितली. त्यानंही दही लागतं, पण ते दही नुसतं नावाला. बसप्पा परत आला तो किती आनंदानं. पहिला घास खाल्ला आणि भाकरी हातात तशीच. म्हणाला, "आवो वैनी, मोटार परत आली, म्या परत आलो, आन् दही कुठं ऱ्हायलं?" तो सहज बोलला. आत बसलेल्या आत्याबाईंनी ते ऐकलं.

येळवस जवळ येऊ लागली. बायका विचारून जायच्या, ताक कधी न्यायला येऊ? ती पहिलीच येळवस होती परत आल्यावरची. सगळ्यांनाच ती पहिल्यासारखी हवी होती. निदान आंबील तरी पहिल्यासारखी. आत्याबाई प्रत्येकीला म्हणायच्या, बघू. मग एकदा मला म्हणाल्या, "येळवशीला गावाला आपलं ताक गेलं न्हाय तर ही नवी गाडगी म्या माझ्या हातानं फोडीन. खानावळ चालू दे तुझ्या मालकाला. दही बंद." त्या जेवत तेवढ्यास तेवढं. चाळीस वर्षं ज्या बाईचा दिवस गाडग्याच्या झाकणापासून सुरू झाला, तिला सकाळी उठून काय करावं ते कळत नव्हतं. पहाटे उठून नुसत्या चुलीपुढं बसून राहायच्या. मला भीती वाटू लागली की या दह्याबरोबर त्याही जातील.

एक घर मला ठाऊक होतं. त्यांनाही ठाऊक होतं. टोप्या शिवून दिल्या तेव्हा रसूलमामूंनी पैसे घेतले नव्हते. त्यांच्या बायकोनं, जैनबमामीनं, लाजत लाजत विरजण मागितलं होतं. आत्याबाईंनी तिच्या बोळक्यात वरून, शिवाशिव न होऊ देता, पण भरपूर घातलं होतं. वर चारही नियम ऐकवले होते. आमचं हेप्पु कुठं जिवंत असेल तर ते तिथंच.

पण वारं फिरलं होतं. कालपर्यंत आम्ही घाबरून पळत होतो, आता घाबरायची पाळी त्यांची होती. रसूलमामू पिंजणाची धनुकली घरातच ठेवून हैदराबादकडं कुणा नातेवाइकाकडं निघून गेले होते, पोचले की नाही कुणाला ठाऊक नव्हतं. जैनबमामी एकटी घरात. दार कायम लावलेलं. आम्ही परत आलो त्याला इतके दिवस झाले, पण गल्लीतलं कुणी त्या दाराशी बोलत नव्हतं. आम्हीही नाही. आत्याबाई तर मागणाऱ्याच नव्हत्या. एक तर दिलेली लेक परत मागायची नाही, आणि दुसरं, आता त्या घरचं दही आमच्या चुलीपाशी आणायचं? ज्या बाईनं उभ्या आयुष्यात दुसऱ्या जातीच्या घरचं पाणी घेतलं नव्हतं, तिला हे विचारायची माझी छाती झाली नाही.

म्हणून विचारलं नाही. दिवसभर गिऱ्हाइकांची गर्दी होती. ती ओसरली तेव्हा अंधारून येत होतं. पदराखाली बोळकं घेतलं आणि मागच्या दारानं निघाले. वाटेत घराघरांत दिवे लागत होते आणि मला एकदम आठवलं, दिवेलागण झाली. आता कुणी विरजण देणार नाही. तरी पाय माघारी वळेनात.

दार वाजवलं. बराच वेळ काही नाही. मग आतून आवाज, "कौन?"

"म्या हाय मामी. खानावळीतली."

कडी निघाली. आत मिट्ट काळोख. चूलही विझवलेली. कापसाचा जुना वास आणि कोपऱ्यात शेळीचे डोळे.

"आधी दार लाव गे," मामी म्हणाली. मी दार लावलं. मला तिचं तोंड दिसत नव्हतं, तिला माझं. मी बोळकं हातात घट्ट धरून उभी. इतके दिवस आम्ही हिच्या दाराकडं बघितलं नव्हतं आणि आज मागायला आलो होतो.

तीच म्हणाली, "दही लगता नहीं ना तुमारा?"

"तुमाला कसं कळलं?"

"रस्त्यावर बसप्पा ड्रायव्हर वरडत हुता, ऐकलं न्हाय का म्या? मेरेकू मालूम था, एक दिन कोई आयेगा करके." मग हळूच, "सासनं पाठवलं?"

"न्हाय. त्यास्नी ठावं न्हाय."

ती अंधारात हसली असावी. चाचपडत गेली, काहीतरी घेऊन आली. "म्हैस गेली. ही शेळी ऱ्हायली. पावशेर दूध देती. पर एक दिवस मोडला न्हाय गे, रोज लावते. खायाला कोण हाय? तरी लावते. त्येवढंच रोजचं काम ऱ्हायलं."

तिनं माझं बोळकं चाचपून घेतलं आणि त्यात वाटी ओतली. तेव्हा मला राहवलं नाही. म्हटलं, "मामी, दिवेलागण झाली. तुमाला चालतंय का?"

"तेरे सास की बात म्या कधी मोडली न्हाय," ती म्हणाली. "पर ह्या घरात दिवाच लागत न्हाय आता. उजेड दिसला की मानसं दगड मारत्यात. तू ने बिनघोर."

मी बोळकं घेऊन बाहेर पडले ती रडतच. रस्त्यात कुणी विचारलं असतं तर काय सांगितलं असतं कोण जाणे.

आत्याबाई देवघरातला दिवा लावून बसल्या होत्या. माझ्या हातातलं बोळकं त्यांनी पाहिलं. उठल्या, करंगळीनं थेंब घेतला, जिभेवर ठेवला. आणि त्यांचे डोळे मिटले. मला वाटतं, आईला हरवलेलं मूल अंधारात हाताला लागावं तसं त्यांना झालं असेल. पण तोंडानं म्हणाल्या, "शेळीचा वास हाय."

"व्हय."

"आपलंच हाय पर." मग एकदम डोळे उघडून, कडक आवाजात, "दिवेलागणीनंतर हेप्पु कुणी दिलं तुला?"

मी म्हटलं, "ज्यांच्या घरी दिवाच लागत न्हाय, त्यांनी."

आणि दगडांचं सांगितलं. शेळीचं सांगितलं, कुणी खाणारं नसताना रोज दही लावते तेही सांगितलं. मला वाटलं, आत्याबाई आता बोळकं परसात ओतायला सांगतात की काय. त्यांनी ते माझ्या हातून घेतलं, चुलीजवळ उबेला ठेवलं आणि म्हणाल्या, "दूध कोमट कर. म्या येते." मग खानावळीच्या दारातला कंदील खुंटीवरून काढला.

मी मागोमाग गेलेच. दूध तसंच राहिलं. गल्लीच्या मधून, कंदील उंच धरून आत्याबाई चालल्या. दबून बोलायची त्यांना सवयच नव्हती. "जैनबे! दार उघड! दिवा आणलाय!"

आजूबाजूची दारं किलकिली झाली. एक बाप्या म्हणाला, "आत्याबाई, कशाला नसती भानगड? त्यांच्या घरी—" त्यांनी वळूनही पाहिलं नाही. "आमचं हेप्पु ह्या घरात वाढलं. लेकीचं घर हाय हे माझ्या. लेकीच्या दारात दगड कोण मारतंय ते ह्या उजेडात या आन् दाखवा मला."

कुणी आलं नाही. जैनबमामीनं दार उघडलं. कंदिलाच्या उजेडात पहिल्यांदा दिसली, केवढी वाळली होती. आत्याबाई आत गेल्या. त्या घराचा उंबरा त्यांनी कधी ओलांडला नव्हता. कोनाड्यात कंदील ठेवला आणि म्हणाल्या, "उद्यापासनं तेल आमच्या घरनं यील. दिवा लावायचा. लावला न्हायस तर म्या यीन भांडायला."

मामी तोंडावर पदर धरून उभ्याउभ्या रडत होती. मी आत्याबाईंकडं बघत होते. सासू म्हणून मी त्यांना भ्यायची, त्या दिवशी मला त्यांचा पहिल्यांदा अभिमान वाटला.

पहिल्या दिवशीचं दही पातळ लागलं, शेळीचा वासही राहिला. दुसऱ्या दिवशी कमी. तिसऱ्या दिवशी म्हशीच्या दुधात ते हेप्पु पुन्हा रुळलं आणि गाडग्याचं झाकण काढल्यावर आम्ही दोघी एकमेकींकडं बघून हसलो. येळवशीला ताक गेलं. विरजण कुठलं, म्हणून विचारणाऱ्या प्रत्येकीला आत्याबाईंनी नाव घेऊन सांगितलं. बहुतेकांनी ऐकून घेतलं. एका घरातून ताक तसंच परत आलं. आत्याबाईंनी ते शेवग्याच्या बुंध्याशी ओतलं आणि त्या घराशी मरेपर्यंत बोलल्या नाहीत. स्वभावाला औषध नाही.

रसूलमामू परत आले नाहीत. कुणी म्हणालं हैदराबादेत दिसले, कुणी म्हणालं वाटेतच गेले. नक्की कधीच कळलं नाही. मामीनं त्यांची धनुकली शेवटपर्यंत भिंतीवर टांगून ठेवली. आमच्या गाडग्यांना पुन्हा तशा टोप्या कुणी शिवल्या नाहीत. गोधडीचे तुकडे गुंडाळून मी थंडी भागवली. पुढं मी पुष्कळ दही लावलं. बोर्डिंगातल्या पोरांना, लग्नांना, दवाखान्यातल्या आजाऱ्यांना. आता नातसुना पाकीट आणतात. त्यातही मणी आणि काड्या असतात, नातू सांगतो. असतील. पण ते कुणाच्या घरचे, ते पाकिटावर लिहिलेलं नसतं.

एक सांगायचं राहिलं. त्या येळवशीनंतर उन्हाळ्यात एका संध्याकाळी आमचं विरजणाचं भांडं मांजरानं पाडलं. सगळं सांडलं. आत्याबाई म्हणाल्या, "जा पळ, जैनबीकडनं आण." मी पळतच गेले. गल्लीत शिरले तेव्हा तिच्या उघड्या दारातून उजेड बाहेर रस्त्यावर पडला होता. मामी उंबऱ्यात बसून शेळीला पाला घालत होती. मी बोळकं पुढं केलं.

तिनं बोळक्याकडं पाहिलं, मग मागं वळून कोनाड्यातल्या दिव्याकडं पाहिलं.

"दिवा लागला गे," ती म्हणाली. "आता न्हाय देत. सकाळच्याला ये."

मी रिकामं बोळकं घेऊन घरी आले आणि आत्याबाईंना सांगितलं. दुसऱ्या दिवशी खानावळीत दही नव्हतं, गिऱ्हाइकं कुरकुरली, बसप्पा तर चिडलाच. आत्याबाई मात्र दिवसभर खुशीत होत्या.